वरच्या दुधाचे डबे

१२ जून
सकाळ, दुकान उघडायच्या आधी

तीर्थरूप मावशीस,

काडीचा नमस्कार. पाया लांबूनच पडते, कारण हल्ली तुला माणसं लांबूनच बरी वाटतात.

पत्र बघून छातीत धस्स करून घेऊ नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास की "दूध उतू जातंय" म्हणून ठेवून देतेस. एकटी राहणारी बाई दिवसातून चार वेळा दूध कशाला तापवते, हे मला अजून कळलेलं नाही. पत्राचं बरं असतं. ते बाजूला ठेवलं तरी त्याचं बोलणं संपलेलं नसतं, पुन्हा उचलावंच लागतं.

इकडे आम्ही मजेत. नवऱ्याची शाळेची बस वेळेवर निघते. फक्त निघण्याआधी तो मला अंडं उकडून देतो आणि मी खाईपर्यंत समोर पहारेकऱ्यासारखा उभा राहतो. दुकान चालू आहे. गणवेश शिवायचे दिवस आले, त्यामुळे बिघडलेली शिलाई मशीनं घेऊन सगळे शिंपी एकदमच दारात. एकाने तर मशीन हातगाडीवर घालून आणलं आणि म्हणाला, "बाई, तुमची तब्येत बरी नाही असं ऐकलं. म्हटलं, तुम्ही आहात तोवर करून घ्यावं." मी म्हटलं, "ठेवा तिथे. तुमच्या मशीनच्या आधी मी काही भंगारात जात नाही." बिचारा इतका ओशाळला की आगाऊ पैसे देऊन गेला.

केस गेले. रुमाल बांधते. दर तिसऱ्या आठवड्याला हातात सुई खुपसून दिवसभर पडून राहायचं आणि वरच्या बाटलीतले थेंब बघत बसायचं, हा माझा नवा उद्योग. अंगावरचं पुरळ गेलं. आठवतं, ते मशीनच्या तेलाने उठलंय म्हणून मी वर्षभर तेलं बदलत बसले होते? मानेवरच्या गाठीही बसल्या, कॉलरचं बटण पुन्हा लागायला लागलं. काखेतली एक मात्र हटून बसली आहे. तिच्याबद्दल मागाहून लिहिते.

आधी गोटीबद्दल, कारण पोटच्या पोरीची चौकशी तू करत नाहीस.

आठवा महिना सरत आला तरी बाईसाहेब अजून लोकांना गाडी शिकवतायत. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर, पायाखाली तिचा तो वेगळा ब्रेक. पोटामुळे सीट इतकी मागे घ्यावी लागते की पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही, म्हणून तिने पेडलला लाकडाचा ठोकळा बांधून घेतलाय. जावई ओरडतो. पण अकरा वर्षं डॉक्टरांचे उंबरे झिजवून ज्या बाईला दिवस राहिले, तिला आता कोण काय सांगणार? आणि ऐकेल तर ती गोटी कसली.

परवा ती दुकानात आली. काउंटरवर दोन पिशव्या आपटल्या. आत पावडरच्या दुधाचे डबेच डबे.

"घे. सुया, स्क्रू ठेवायला होतील तुला. आईने पाठवलेत."

"दुधासकट?"

"पावडर फेकून दे. फोनवर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, तुझ्याच्याने पाजणं व्हायचं नाही. आपल्या घराण्यात बायकांना दूधच येत नाही."

मावशी, हे तू म्हणालीस? बिस्किटांच्या कारखान्यात पाळी करून आल्यावर एका मांडीवर गोटी आणि दुसरीवर मी, अशा दोन पोरी एका वेळी पोसलेली बाई तू. अख्खी गल्ली तुला "दुधाचा टँकर" म्हणायची, हे तूच आम्हाला हसून हसून सांगितलंस. खोटं बोलायचं तर निदान जरा अंगाला बसेल असं तरी शोधायचंस.

गोटी हसत हसत सांगत होती आणि मधेच रडायला लागली. "मी काय केलंय गं तिचं? येत नाही, फोनवर दोन शब्द बोलत नाही, एकदा पोटाला हात लावला नाही. आणि वर हे. आता मी बघतेच. दोन वर्षं अंगावर पाजते की नाही बघ. वरच्या दुधाचा थेंब जाऊ देणार नाही."

कळलं काय करून ठेवलंस? तिने पाजू नये म्हणून तू डबे पाठवलेस, आणि ती आता हट्टाला पेटून दोन वर्षांच्या गोष्टी करते. तुझीच पोरगी ती. तिला नको म्हटलं की ती तेच करणार, हे तुला चाळीस वर्षांत कळायला हरकत नव्हती.

मी हातातल्या स्क्रूड्रायव्हरने घट्टच असलेला स्क्रू पुन्हा आवळत बसले. तुझ्या शपथेने माझ्या तोंडाला कुलूप घातलं होतं. गोटी डोळे पुसून म्हणाली, "तू पण तिच्याच बाजूची." आणि गेली. त्या वेळी मला तुझा जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे पत्र.

तू सगळं विसरल्याचं सोंग घेतलंयस, तेव्हा पहिल्यापासून लिहिते. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आपण दोघी होतो. तू मागच्या खुर्चीवर, मांडीवर तुझी ती विणकामाची पिशवी. बाईंनी कागदावर गोळे काढून मला समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एक विषाणू शिरून बसतो. बहुतेकांच्यात तो भाडं थकवून गप्प राहणाऱ्या भाडेकरूसारखा जन्मभर राहतो, कोणाला पत्ताही लागत नाही. शंभरातल्या चार-पाच जणांत मात्र तीस-चाळीस वर्षांनी त्याच पेशी पिसाळतात, वाढत सुटतात, आणि गळ्यात, काखेत, जांघेत गाठी उठतात. त्या ठिकाणच्या लसिका ग्रंथींचा हा कॅन्सर, लिम्फोमा. मग त्या म्हणाल्या, "हा विषाणू बहुतेक वेळा लहानपणी अंगावरच्या दुधातून येतो. तुमच्या आईची तपासणी करता येईल का?"

मी म्हटलं, "आई माझ्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशीच गेली."

तेवढ्यात तू मागून म्हणालीस, "हिला मी पाजलंय."

किती ताठ मानेने म्हणालीस. आणि मग बाईंनी मान वर करून तुझ्याकडे बघितलं, तेव्हा तुला कळलं आपण काय बोललो ते. तुझा तो चेहरा मला गाठींपेक्षा जड गेला.

तुझं रक्त तपासलं, त्यात निघालाच. तुला त्याने काहीही केलेलं नाही, करेलसं दिसतही नाही. बाईंनी तुला तेव्हाच बजावलं होतं की मुलगी गरोदर आहे, तिला आताच तपासून घ्या. तिच्यात निघाला तर बाळाला अंगावर पाजायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही साखळी तोडायला एवढंच लागतं. तू म्हणालीस, "मी सांगते तिला." आणि बाहेर लिफ्टपाशी माझं मनगट धरून म्हणालीस, "मी सांगेन. तू नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मी हो म्हटलं. तुला कधी नाही म्हणायची सवयच नव्हती मला.

पुढे वॉर्डात माझी आत्या आली. "परक्या दुधाने पोरीचा घात केला," असं तुझ्यासमोर म्हणाली. मी काय उत्तर दिलं ते तू ऐकलंच नाहीस, पिशवी उचलून चालती झाली होतीस. आता ऐक. मी म्हटलं, "आत्या, तेव्हा तुम्ही कुठे होतात? बाहेरचं दूध मला ठरत नव्हतं, हिरवी पडले होते मी. तुम्ही सगळे दारात उभे राहून माझा बिछाना गुंडाळायची वाट बघत होतात. हिने उचललं." आत्या चहा न घेता गेली. तिने आणलेली सफरचंदं मी आणि नर्सने खाल्ली.

तुझ्या शेजारणीने सगळं सांगितलंय मला. कप वेगळा, टॉवेल वेगळा, तिच्या नातवाला मांडीवर घेणं बंद. मावशी, हा विषाणू कपातून जात नाही. हात लावल्याने, शिंकल्याने, एका ताटात जेवल्याने जात नाही. तो जातो दुधातून, रक्तातून आणि नवराबायकोच्या संबंधातून. माझा नवरा तपासून आला, तो सुटलाय. जिथे भिण्यासारखं काही नाही तिथे तू चार हात लांब बसतेस, आणि जिथे तोंड उघडायला हवं तिथे डबे पाठवतेस.

डॉक्टरीणबाई भल्या आहेत. तुझ्या समाधानासाठी त्या म्हणाल्या होत्या की छातीठोक काही सांगता येत नाही, तुझी बहीण म्हणजे माझी आई, तिच्यातूनही पोटात असताना आला असेल. ती पळवाट मला नको. मी धरून चालते की तो तुझ्याच दुधातून आला. आला तर आला. त्या दुधावर मी चालायला लागले, शाळेत पोरांना बदडलं, मशीनं उघडायला शिकले, नवरा स्वतः बघून केला, दुकान काढलं. एवढं सगळं ज्यातून आलं त्यातून हेही आलं. आणि तुला तो तुझ्या आईकडून आला, तिला तिच्या आईकडून. कोणाकोणाला फासावर चढवणार आहेस?

आता काखेतली गाठ. ती औषधाला दाद देत नाही. शिवाय शेजारी दुसरी आली आहे. बाई म्हणतात, आता कोणा दुसऱ्याच्या रक्त बनवणाऱ्या पेशी माझ्यात घालून बघायच्या. जमेल किंवा जमणार नाही. मी भीत नाही असं लिहिलं असतं, पण तू मला ओळखतेस. भीते. पण शपथ मोडायची तर ती जिवंतपणीच मोडावी लागते, म्हणून मला वेळ नाही.

रविवारी गोटी माझ्याकडे जेवायला येणार आहे. तू ये. तू सांग, मी शेजारी बसते. नाही आलीस तर मी सांगेन.

तुझं ऐकायचं बंद केलेली,
काडी


२९ जून
दुपार

मावशी,

तू आली नाहीस. आदल्या दिवशी फोन मात्र केलास. "शपथ मोडलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील," एवढंच म्हणालीस आणि ठेवलास. या वेळी दूधसुद्धा उतू गेलं नाही.

मी मोडली. हे पत्र वाचते आहेस म्हणजे तू धडधाकट आहेस. डॉक्टरीणबाईंनाही विचारून घेतलं, शपथ मोडल्याने दगावलेला पेशंट त्यांनी अजून पाहिलेला नाही.

जेवण झाल्यावर नवऱ्याला बस धुवायला पिटाळलं आणि गोटीला सांगितलं. तुला लिहिलं तसंच, गोळे काढून. तिचा पाय नुसता फरशीवर दाबलेला होता, समोरून कोणी आडवं आल्यासारखा. मग म्हणाली, "काडी, तू मरणार आहेस का?"

मी म्हटलं, "माहीत नाही. आज तरी नाही, भांडी घासायची आहेत."

"आईला हे कधी कळलं?"

मी तेही सांगितलं. तुला वाचवून काही सांगितलं नाही, आणि तुझ्यावर वाढवूनही नाही. लिफ्टपाशी तू माझं मनगट धरलंस, ते वळ उठेपर्यंत सोडलं नाहीस, तेवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला शिकाऊ गाडीत घातलं आणि स्वतः चालवत दवाखान्यात नेलं. डोक्यावर शिकाऊ गाडीची पाटी, आत एक टकली, एक पोटुशी. चौकातला पोलीस बघतच राहिला. काल निकाल आला.

तिच्यातही आहे.

खाली बस, आणि पुढचं वाच. तिला काही झालेलं नाही. गाठ नाही, पुरळ नाही, रक्त नीट आहे. वर्षातून एकदा दाखवायचं, बस्स. पोटातल्या बाळाला तो पोचण्याचा धोका थोडा असतो, तो कोणाच्या हातात नाही. मोठा धोका दुधाचा, तो आपल्या हातात आहे. गोटी अंगावर पाजणार नाही. तिने ठरवलं.

ते ठरवताना ती किती रडली, हे मी तुला मुद्दाम सांगते. अकरा वर्षं तिने त्या एका क्षणाची वाट बघितली होती. माझ्या दुकानात, तुटलेल्या मशीनच्या मधोमध, तोंडात माझाच रुमाल कोंबून रडली. मी तिची समजूत घातली नाही. जे गेलं ते गेलंच आहे, त्याला काही नाव द्यायची गरज नव्हती. मग तिने तोंड धुतलं, सुया ओतून ठेवलेला एक डबा उचलला, त्यावरचं बारीक लिहिलेलं वाचलं आणि म्हणाली, "हा मुदत संपलेला आहे. आईला एवढंही बघता आलं नाही?" आणि आम्ही दोघी हसलो, अगदी पोट धरून. तिचं पोट बरंच मोठं असल्यामुळे तिला ते नीट धरता येईना.

तिचा तुझ्यावर राग आहे, आणि तू समजतेस तो नाही. ती म्हणाली, "विषाणू आईने काही बाजारातून आणलेला नाही. त्याचं मला काही नाही. पण माझ्यात दूधच नाही म्हणाली. मी रोज आंघोळीच्या वेळी आरशात बघत होते गं, माझ्यात काय कमी आहे म्हणून. अकरा वर्षं लोकांनी हेच विचारलं होतं, आणि आता आईनेही." त्याची माफी तुला मागावी लागेल. ती मागताना घराणं, नशीब, परमेश्वर कोणालाही मधे घालू नकोस. खोटं बोलले, चुकले, एवढंच म्हण.

माझ्याकडे मात्र माफी मागायला येऊ नकोस. त्यासाठी आलीस तर दार लावून घेईन. त्या दुधाबद्दल तू माझी माफी मागायची म्हणजे मी जगले ते चुकलं, असा अर्थ होतो, आणि तो मी कोणालाही काढू देणार नाही. आत्याला दिला नाही, या आजाराला देत नाही, तुलाही नाही. मला माझी मावशी परत हवी आहे. तोंड लपवून बसलेली एक अपराधी बाई मी आजारपणात सांभाळू शकत नाही, माझ्यात तेवढी ताकद नाही.

आता कामाचं. सोमवारी मला दवाखान्यात भरती व्हायचंय. पेशी देणारा माणूस मिळाला. कोण, कुठला, ते सांगत नाहीत, पण जुळतो म्हणाले. मला काचेच्या खोलीत ठेवणार, आत कोणाला सोडत नाहीत. किती दिवस, ते माझं शरीर ठरवेल. म्हणजे गोटीचं बाळ येईल तेव्हा मी तिथे नाही. त्याच इमारतीत दोन मजले वर असेन, आणि खाली यायची परवानगी नसेल. कदाचित नंतरही. बघू.

म्हणून तू हवी आहेस. गोटीने काल जाताना निरोप दिलाय, शब्दाला शब्द लिहिते, माझी काही भर नाही.

"आईला सांग, बाटली कोणाच्याही हातून देता येते. पहिली तिने द्यायची. मांडीवर घेऊन, जवळ धरून, नीट. आणि कप वेगळा वगैरे करायला लागली तर मी तिथल्या तिथे तिला घरी पाठवीन."

शनिवारी सकाळची गाडी आहे. नवरा स्टँडवर बस घेऊन येईल, पोरांची, पिवळी. त्यात पुढे बस. साबण इथे आहे, हात धुवायला. बाकी काही आणू नकोस.

तुझ्या दुधावर वाढलेली, आणि त्याची एक दिवसही लाज न वाटलेली,
काडी